काचेच्या पेटीतला गार्डाचा डबा

रेल्वेत होतो असं सांगितलं की लोक विचारतात, "ड्रायव्हर?" नाही म्हटलं की, "मग टीसी?" तेही नाही म्हटलं की समोरच्याचा उत्साह मावळतो. मी मालगाडीचा गार्ड होतो. लग्नसमारंभात ही ओळख फारशी चालत नाही. मालगाडीला गार्ड लागतो हेच पुष्कळांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते विचारतात की कोळसा काय उडी मारून पळून जातो का.

कोळसा पळत नाही. गाडी तुटते. सगळ्या डब्यांना जोडणारा साखळदंड चढावर मध्येच कुठेतरी तुटला, तर मागचे डबे उलटे घरंगळायला लागतात, आणि मागून दुसरी गाडी येत असते. त्यांना धरून ठेवणारा ब्रेक गार्डाच्या डब्यात असतो. गाडी भलत्या जागी थांबली, तर खाली उतरून मागे चालत जायचं आणि येणाऱ्या गाडीला सावध करायला रुळावर फटाके बांधून यायचं, तेही गार्डानेच. एरवी प्रत्येक स्टेशनवरून जाताना डब्याच्या ओट्यावर उभं राहून हिरवी झेंडी दाखवायची. फलाटावरचा माणूसही झेंडी दाखवतो. याचा अर्थ, तुझी गाडी मी शेवटपर्यंत पाहिली, सगळं ठीक आहे. आमच्या नोकरीतलं बहुतेक संभाषण एवढंच.

फाटकात अडकलेले लोक मालगाडीचे डबे मोजत असतात. सगळ्यांत शेवटी जो बुटका डबा येतो, तो आमचा. मध्ये खोली, दोन्ही टोकांना उघडा ओटा, ओट्याला दोन बाजूंना चढायची दारं. दारं म्हणजे नुसत्या मोकळ्या जागा, त्यांना फळी नसे. खोलीत लाकडी बाक, हाताने फिरवायचं ब्रेकचं चाक आणि दाब दाखवणारं एक घड्याळ. दिवा नाही, पंखा नाही, पाणी नाही, संडास नाही. आम्हाला गणवेश मात्र पांढरा. दीपनगरच्या वीजकेंद्राला कोळसा नेणाऱ्या गाडीवर पांढरे कपडे घालायची कल्पना ज्याला सुचली, त्याने कोळसा पाहिलेला नसावा.

आणि झटके. डब्यांच्या जोडणीत प्रत्येक ठिकाणी थोडी ढील असते. इंजिनाने ओढलं की पहिला डबा हलतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि ही सगळी ढील गोळा होत होत शेवटच्या डब्यापर्यंत येते. आसूड हलवणाऱ्याच्या हाताला काही कळत नाही. जे व्हायचं ते टोकाला होतं. ड्रायव्हर चांगला असला तरी झटका येतोच. वाईट असला तर बाकावर ठेवलेला जेवणाचा डबा समोरच्या भिंतीवर जाऊन आपटतो, आणि भाजी कोणती होती ते भिंतीवर दिसतं.

हे सगळं इतकं सविस्तर सांगतो आहे, कारण पुढे जे सांगायचं आहे ते त्या मोकळ्या दाराबद्दल आहे.

माझ्याबरोबर दगडू तायडे नावाचे गार्ड होते. वयाने माझ्याहून मोठे, मूळचे अमळनेर तालुक्यातले. सगळे त्यांना आबा म्हणत. उंच, वाळलेले, आणि कपड्यांच्या बाबतीत हट्टी. त्यांच्या सदऱ्यावर कोळशाचा डाग राहिलेला मी पाहिला नाही. जळगाव-अमळनेर-नरडाणा या बाजूला आमची पाळी असायची. सरकी, पेंड, तेलाचे डबे, कापसाच्या गाठी असं काय काय घेऊन आम्ही हिंडायचो. मेलगाड्यांना वाट द्यायला एखाद्या लहान स्टेशनात मालगाडी बाजूला काढली की तिला तासन्‌तास कोणी विचारत नसे. ड्रायव्हर दूर त्या टोकाला, आपण या टोकाला. अशा वेळी आबा रुळाशेजारच्या शेतातल्या लोकांशी बोलत बसत.

"गार्डसाहेब, गाडी कव्हय निघई?" एकदा कपाशी वेचणाऱ्या एका म्हातारीने विचारलं.

"तुमचं वावर वेचून होईस्तोवर आहे मी इथे, अक्का."

"मंग खाले या, वेचू लागा. नुस्ता बसेल शेतस!"

आबा खाली उतरले नाहीत. गाडी सोडून गार्डाने दूर जायचं नसतं. हा नियम ते पाळत, आणि नियम पाळणाऱ्या माणसाला जी चिडवाचिडवी सोसावी लागते तीही ते सोसत.

एक गोष्ट ते कायम बोलत. ओट्याच्या दाराला आडवी दांडी हवी. नव्या बांधणीच्या डब्यांना ती असायची, जुन्या लाकडी डब्यांना नव्हती, आणि आमच्या वाट्याला बहुतेक जुनेच येत. सुरक्षेच्या सभेत ते दर वेळी उठून उभे राहत. "साहेब, झेंडी दाखवताना एक हात झेंडीला, एक हात खांबाला. त्याच वेळी झटका आला तर तिसरा हात कुठून आणू?" सगळे हसत. साहेबही हसत. मागणी विचाराधीन म्हणून लिहून घेतली जाई. आमच्या खात्यात मागण्या नाकारत नसत. नाकारलेली मागणी माणूस विसरू तरी शकतो.

अशात ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी कोणाच्या तरी डोक्यात आलं की आमच्या मोठ्या साहेबांच्या कार्यालयाच्या दालनात काचेच्या पेट्यांमध्ये रेल्वेची मॉडेलं ठेवावीत. येणाऱ्या पाहुण्यांना बरं वाटतं. एक इंजिन, एक वाघीण, म्हणजे मालाचा डबा, आणि एक गार्डाचा डबा, अशी ऑर्डर निघाली. काम श्रावण मिस्तरींकडे आलं. ते वाघिणी दुरुस्तीच्या यार्डात सुतार होते, धुळ्याकडचे. बोलणं कमी, विडी जास्त. आमच्या डब्यांचे बाक आणि तळफळ्या वर्षानुवर्षं त्यांनीच बसवलेल्या. पण चालत्या गाडीत त्या डब्यात ते कधी बसलेले नव्हते. म्हणून त्यांनी आम्हाला दुपारचं यार्डात बोलावलं. आत काय काय असतं ते सांगा म्हणाले.

मी जाताना एक इंग्रजी मासिक घेऊन गेलो. जळगावच्या रद्दीवाल्याकडे मिळालेलं. अमेरिकेत लोक आपल्या घरात लहान रुळांवर लहान गाड्या चालवतात, आणि त्यातल्या शेवटच्या डब्याची, त्याला तिकडे कबूस म्हणतात, त्यांना फार हौस. मासिकात त्या खेळण्यांचे फोटो होते, आणि ज्या खऱ्या डब्यांवरून ती बनवली त्यांचेही. लाल रंग, छपरावर धुराडं. आत शेगडी, झोपायला फळ्या, लिहायला टेबल, आणि गाडीवर नजर ठेवायला छपरावर काचेची छोटी खोली.

आबांनी चष्मा लावून प्रत्येक फोटो नीट पाहिला. मग म्हणाले, "महाजन भाऊ, यांचा गार्ड नोकरीला जातो का सासुरवाडीला?"

आणि मग खेळ सुरू झाला. मिस्तरींनी डब्याचा सांगाडा तयार ठेवला होता, मापाबरहुकूम, सागाचा. आम्ही चार-पाच गार्ड भोवती उकिडवे बसलो आणि मागायला लागलो. एकाने बाकाला पाठ मागितली. एकाने माठ ठेवायला तिवई. मी खिडकीला काच मागितली, कारण पावसाळ्यात माझे कागद भिजत. मिस्तरी विडी ओढत ऐकत होते.

"आबा, तुम्हन काय?"

"मला काही नको. दारांना दांडी लावा."

"तेवढीच?"

"तेवढीच. खऱ्यात तर देत नाहीत. लाकडात तरी पाहून घेऊ कशी दिसते."

मिस्तरींनी पितळी तार कापली, एका टोकाला बिजागरी केली, दुसऱ्या टोकाला आकडा. चारही दारांना बसवली. आबांनी करंगळीने एक दांडी वर उचलली, खाली टाकली, पुन्हा उचलली. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आवडला होता. आम्ही सगळे त्या दुपारी हसत घरी गेलो.

मॉडेलांचं उद्घाटन थाटात झालं. लाल सतरंजी, फीत, ताटात कात्री. मोठे साहेब भाषणात म्हणाले की गार्ड हा गाडीचा शेवटचा पण सर्वांत महत्त्वाचा माणूस आहे. गार्डांच्या खुर्च्याही शेवटच्याच रांगेत होत्या, त्यामुळे हे आम्हाला नीट ऐकू आलं नाही. पेटीवर पितळी पाटी होती: "जुन्या पद्धतीचा गार्डाचा डबा. हुबेहूब प्रतिकृती." पाठ असलेला बाक, माठाची तिवई, खिडकीची काच, दारांना दांड्या. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मिस्तरींनी मान खाली घातली होती. मोठ्या साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढून घेतला. त्या डब्यातून प्रवास केलेला एकही माणूस पहिल्या चार रांगांत नव्हता, तेव्हा हरकत कोण घेणार?

त्यानंतर काही वर्षांनी आबा गेले.

दुपारची वेळ होती. नरडाण्याच्या अलीकडे एका लहान स्टेशनवरून त्यांची गाडी न थांबता जात होती. फलाटावर झेंडी घेऊन उभ्या असलेल्या पॉइंट्समनने नंतर सांगितलं, "आबांची झेंडी दिसली. मी माझी वर केली. गाडीला हिसका बसला. मग झेंडी दिसली नाही आणि माणूसही दिसला नाही." तो धावत गेला तेव्हा आबा रुळांच्या कडेच्या खडीवर होते. सदरा पांढरा स्वच्छ, आणि झेंडी मुठीत. अमळनेरला नेईपर्यंत ते राहिले नाहीत.

चौकशी बसली. ती बसतेच, आणि बसायलाही हवी. तीन साहेब. पहिल्या मसुद्यात त्यांनी लिहिलं की गार्ड तायडे हे दाराची आडवी दांडी न लावता ओट्यावर उभे राहिले, आणि स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडले.

आबांच्या पत्नी विमलवहिनी हा मसुदा ऐकून आल्या त्या थेट माझ्या क्वार्टरवर. चहा घेतला नाही.

"जयभीम, भाऊजी. तुम्हाला एक विचारते. निष्काळजी म्हणजे काय हो?"

मी खुर्ची पुढे केली.

"रोज रात्री झेंडीला इस्त्री करायचे ते. मी हसायची, म्हणायची, झेंडीचं काय लगीन आहे? त्यांना निष्काळजी म्हणतात? भाऊजी, मला नोकरी देतील न देतील. क्वार्टर सोडायला लावतील, सोडीन. पण तो शब्द काढा. माझ्या पोराबाळांनी तो शब्द वाचायचा नाही."

मेलेल्या माणसाच्या बाजूने बोलायला त्याचा एक सहकारी चौकशीला बसू शकतो. वहिनींनी माझं नाव दिलं.

मला काम सोपं वाटलं होतं. दांडी लावली नाही, कारण दांडी नव्हतीच. एवढं दाखवलं की संपलं. पण दाखवायचं कशावर? त्या दिवशी बदली गार्ड चढवून गाडी पुढे सोडली होती. तो डबा सुरतेकडे गेला, तिथून आणखी कुठल्या गाडीमागे लागून देशात कुठेतरी गेला. मालगाडीचे डबे असे भटकत असतात. त्यांना घर नसतं. बदली गार्डाला विचारलं तर तो म्हणाला, "दांडी होती का नव्हती, खरंच आठवत नाही भाऊ. नसलेली वस्तू कोण पाहून ठेवतो?"

मसुद्यावरच्या सुनावणीच्या दिवशी मी म्हणालो, "साहेब, यार्डात त्याच पद्धतीचे जुने डबे उभे आहेत. चला, पाहून घ्या. एकालाही दांडी नाही."

अध्यक्ष साहेब सौम्य होते. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माणूस ऐकून घेणारा होता. ते म्हणाले, "महाजन, दुसऱ्या डब्यांना नाही म्हणून त्या डब्याला नव्हती, असं कसं म्हणता येईल?"

"खरं आहे साहेब. मग त्या डब्याला होती, असं कशावरून म्हणता?"

त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायाने दालनातली काचेची पेटी उचलून आणली आणि टेबलावर ठेवली. साहेबांनी काच बाजूला करून पेनच्या टोकाने पितळी दांडी वर उचलली आणि खाली टाकली. ती बरोबर आकड्यात बसली. मिस्तरींचं काम चोख.

"ही अधिकृत प्रतिकृती आहे. जुन्या पद्धतीचाच डबा. पाटी वाचा तुम्ही."

मी पाटी वाचली नाही. मला ती पाठ होती. मी त्या दांडीकडे पाहत राहिलो. आबांनी जन्मभरात रेल्वेकडे जे मागितलं आणि जे फक्त त्या पेटीत त्यांना मिळालं, ते आता टेबलावर त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होतं.

मी म्हणालो की मॉडेल बनवणाऱ्याला बोलवा.

पुढच्या तारखेला श्रावण मिस्तरी आले. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. त्या फोटोची एक प्रत, पाठीवर साहेबांचा हात असलेली, त्यांनी चौकटीत घालून घरी लावली होती, हे मला माहीत होतं. सबंध नोकरीत त्यांचं एवढं एकच कौतुक झालेलं. आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते फक्त म्हणाले होते, "महाजन भाऊ, म्हंजे मना डबा खोटा शे असं सांगनं पडी." आणि विडी पेटवून तोंड फिरवून बसले होते. येतील का, काय बोलतील, मला अंदाज नव्हता.

"ही प्रतिकृती तुम्ही बनवली?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"मापाप्रमाणे?"

"मापाप्रमाणे."

"हुबेहूब?"

मिस्तरींनी डब्याच्या छपरावरून बोट फिरवलं. मग एकदम घरच्या बोलीत सुरू झाले. "सांगाडा खरा शे साहेब. बाकनी पाठ खरी नही. माठनी तिवई खरी नही. खिडकीनी काच खरी नही. हाई दांडी बी खरी नही शे."

"मग लावली कशाला?"

"आबासनी मांगी व्हती."

"कोण आबा?"

"तायडे गार्ड," मी म्हणालो.

दुसऱ्या एका साहेबांनी विचारलं, "प्रतिकृतीत नसलेल्या गोष्टी घालायच्या नसतात हे माहीत नव्हतं तुम्हाला?"

"माहीत व्हतं," मिस्तरी म्हणाले. "पन खरा डबाले लावाना हुकूम मना हातमा नव्हता."

अध्यक्ष साहेबांनी पेनचं टोपण लावलं. त्यांनी मसुदा पुन्हा वाचला आणि ते वाक्य काढलं. त्या जागी लिहिलं, "कर्तव्य बजावत असताना गाडीच्या धक्क्याने पडून मृत्यू." मी हे वहिनींना जाऊन सांगितलं. त्यांनी मला ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं. मग पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. चौकशीत मी जिंकलो असं लोक म्हणाले. मला तसं वाटलं नाही. आबा निष्काळजी नव्हते हे सिद्ध करायला आम्हाला जे सिद्ध करावं लागलं, ते आबा स्वतः वर्षानुवर्षं सभेत उभं राहून सांगत होते.

अहवालात शेवटी सूचना असतात. मला वाटलं होतं की जुन्या डब्यांना दांड्या लावा, अशी सूचना येईल. ती आली, विचाराधीन राहिली. दुसरी सूचना मात्र ताबडतोब अमलात आली. दालनातल्या प्रतिकृतीत मूळ डब्यात नसलेल्या वस्तू आहेत, त्यामुळे दिशाभूल होते, तरी त्या काढून टाकाव्यात. याला विचार करावा लागत नाही. एक पक्कड पुरते.

विमलवहिनींना नोकरी लागली होती. शिपायाची, त्याच कार्यालयात. सकाळी दालन झाडायचं, टेबलं पुसायची, काचेच्या पेट्यांवरची धूळ काढायची. मी माझ्या रजेच्या कामासाठी तिथे गेलो होतो, नेमके त्याच दिवशी श्रावण मिस्तरी पक्कड घेऊन आले. पेटी उघडली. बाकाची पाठ काढली, तिवई काढली, काच काढली. वहिनी फडकं हातात धरून उभ्या होत्या. मिस्तरींनी पक्कड दांडीला लावली तेव्हा त्या पुढे झाल्या.

"मिस्तरीदादा, ती राहू द्या ना."

"हुकूम शे अक्का."

"त्यांची एवढी एकच मागणी मान्य झाली होती हो. तीही परत घेता?"

मिस्तरींनी पक्कड खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहत राहिलो. यार्डात एक कोळशाची गाडी निघत होती, आणि तिचा झटका डब्याडब्यातून वाजत मागे चालला होता. तो शेवटच्या डब्यापर्यंत पोचला.

मग मिस्तरींनी चारही दांड्या काढल्या. एक वहिनींच्या हातावर ठेवली. काडेपेटीतल्या काडीपेक्षा लहान तार. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली आणि पेटीची काच पुसायला घेतली.

निवृत्त झाल्यावर मी एकदा पेन्शनच्या कामाला तिथे गेलो होतो. शाळेची मुलं पाहायला आली होती आणि एक बाबू त्यांना सांगत होता की ही अगदी हुबेहूब प्रतिकृती आहे. आता ते खरं होतं. मुलं पुढे गेल्यावर मी वाकून पाहिलं. दाराच्या दोन्ही खांबांत, जिथे बिजागरी आणि आकडा होता तिथे, दोन बारीक भोकं तशीच होती. दांड्या काढाव्यात असा हुकूम होता. भोकं बुजवावीत असं त्यात लिहिलेलं नव्हतं, आणि श्रावण मिस्तरींनी हुकूम अक्षरशः पाळला होता.